मोटारहोमच्या मागे विजेचा ट्रक : ओढावा की वाहून न्यावा?

अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये डोंगरकड्यांच्या अंगाने जाणारा 'गोइंग टू द सन' हा रस्ता पर्यटकांचे मोठे आकर्षण आहे. मात्र या रस्त्याच्या मधल्या, सर्वांत देखण्या टप्प्यात २१ फुटांपेक्षा अधिक लांबीच्या वाहनांना प्रवेश नाही. तीस-चाळीस फुटी मोटारहोम, म्हणजे चाकांवरचे आख्खे घर घेऊन आलेल्या कुटुंबाने मग काय करायचे? घर तळावर उभे करायचे आणि मागे जोडून आणलेली छोटी गाडी काढून डोंगर चढायचा, हे त्याचे उत्तर अमेरिकी पर्यटकांनी केव्हाच शोधून ठेवले आहे. किराणा आणायचा असो, दवाखाना गाठायचा असो की जवळच्या गावात फेरफटका मारायचा असो, दर वेळी सारे बिऱ्हाड उचलून रस्त्यावर आणणे परवडणारे नसते. म्हणूनच अमेरिकेतील महामार्गांवर मोटारहोमच्या मागे निमूटपणे चालत असलेली बिनचालकाची मोटार हे नेहमीचे दृश्य आहे.

जहाजामागे बांधलेल्या लहान होडीवरून अशा गाडीला तिकडे 'डिंघी' म्हणतात. ओढलेली या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा उच्चार बेडकाच्या नावासारखाच होत असल्याने 'टोड' हे गमतीचे नावही रूढ झाले आहे. गेल्या काही वर्षांत या परंपरेपुढे एक नवाच प्रश्न उभा राहिला. घरातील रोजची गाडी जर विजेवर चालणारा पिकअप ट्रक असेल, तर तोही असाच चारही चाके जमिनीवर ठेवून ओढून नेता येईल काय? प्रश्न साधा वाटतो. उत्तर चुकले तर मात्र काही लाख रुपयांच्या मोटरचा आणि इन्व्हर्टरचा बळी जाऊ शकतो, कंपनीची हमी हातची जाऊ शकते आणि प्रसंगी जिवावरही बेतू शकते.

ओढण्याच्या तीन पद्धती

मोटारहोमच्या मागे दुसरी गाडी नेण्याच्या तीन पद्धती आहेत. पहिली 'फ्लॅट टोइंग'. यात ओढल्या जाणाऱ्या गाडीची चारही चाके रस्त्यावर असतात. गाडीच्या पुढच्या भागात, सांगाड्याला पक्की बसवलेली एक पट्टी असते. तिला इंग्रजी 'ए' अक्षराच्या आकाराचा पोलादी दांडा, म्हणजे टो-बार जोडला जातो आणि त्याचे दुसरे टोक मोटारहोमच्या हुकात अडकवले जाते. जोडीला सुरक्षा साखळ्या किंवा तारा, मागचे दिवे पेटवणारी वायर, ओढलेल्या गाडीचे ब्रेक दाबणारे स्वतंत्र यंत्र आणि जोड तुटल्यास ते ब्रेक आपोआप लावणारा खटका एवढा सरंजाम लागतो. नेब्रास्का राज्यातील पेंडर येथील 'ब्लू ऑक्स' आणि वॉशिंग्टन राज्यातील व्हँकुव्हर येथील 'रोडमास्टर' ही या साहित्यातील जुनी नावे होत.

दुसरी पद्धत 'डॉली'ची. दोन चाकांच्या छोट्या गाड्यावर मोटारीची पुढची चाके चढवून बांधायची आणि मागची चाके रस्त्यावर धावू द्यायची. तिसरी पद्धत म्हणजे सपाट ट्रेलर. यात सबंध गाडी ट्रेलरवर चढते आणि तिचे एकही चाक जमिनीला लागत नाही.

या तिन्हींत पहिली पद्धत सर्वाधिक लोकप्रिय आहे, आणि त्याला कारणे आहेत. तळावर पोहोचल्यावर काही मिनिटांत गाडी सुटी होते. रिकामा ट्रेलर वा डॉली ठेवायला वेगळी जागा शोधावी लागत नाही. ट्रेलरचे अतिरिक्त वजनही ओढावे लागत नाही. तिची एक मर्यादा मात्र आहे : अशी जोडणी मागे घेता येत नाही. दोन-चार फुटांहून अधिक रिव्हर्स केल्यास पुढची चाके आडवी वळतात आणि दांडा पिळवटतो.

पेट्रोलच्या गाड्यांना हे कसे साधते?

सगळ्याच पेट्रोल गाड्या अशा ओढता येतात, हा समज चुकीचा आहे. चाके फिरली की त्यांना जोडलेले दांडे आणि दाते फिरतात. त्यांना तेल मिळते की नाही, यावर सारे अवलंबून असते. हाताने गिअर बदलण्याच्या अनेक गाड्यांत न्यूट्रलमध्ये इंजिन सुटे होते आणि गिअरबॉक्समधील दाते तेलात बुडून फिरत राहतात. त्यामुळे अशा गाड्या ओढणे बहुधा सुरक्षित असते. स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये मात्र तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद, म्हणजे पंप बंद. अशी गाडी शेकडो किलोमीटर ओढली तर गिअरबॉक्स कोरडा पडून जळतो.

जीप रँग्लरसारख्या चारचाकी चालनाच्या गाड्यांत यावर नामी तोड आहे. पुढच्या व मागच्या चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या पेटीलाच, म्हणजे ट्रान्स्फर केसला, स्वतंत्र न्यूट्रल असते. ते टाकले की इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही चाकांपासून पूर्ण अलग होतात. मोटारहोमच्या मागे रँग्लर इतक्या संख्येने दिसते त्याचे कारण हेच. याउलट होंडाची सीआर-व्ही २०१४ पर्यंत या कामासाठी आवडती होती. २०१५ च्या मॉडेलपासून अमेरिकेत तिला सीव्हीटी जातीचा गिअरबॉक्स आला आणि फ्लॅट टोइंगची परवानगी संपली. गाडीचे नाव तेच असले तरी आतले एक यंत्र बदलताच नियम बदलतो, हा धडा येथे लक्षात ठेवण्याजोगा आहे.

विजेच्या ट्रकचे दुखणे

विजेच्या बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स या शब्दाचा नेहमीचा अर्थच उरत नाही. मोटरचा वेग कमी करून चाकांना देणारी एकच दात्यांची जोडी असते. तिला क्लच नसतो आणि वेगळे करणारे न्यूट्रलही नसते. पडद्यावर न्यूट्रलचे अक्षर उमटते खरे, पण त्याचा अर्थ एवढाच की इन्व्हर्टर मोटरला वीज देत नाही. चाक आणि मोटर यांचा यांत्रिक सांधा तसाच कायम असतो. चाक फिरले की मोटर फिरणारच.

ती किती फिरते, याचा हिशेब मांडून पाहावा. पिकअप ट्रकच्या मोठ्या चाकाचा घेर साधारण अडीच मीटर धरला, तर ताशी १०० किलोमीटर वेगाने ते मिनिटाला साडेसहाशेच्या आसपास फेरे घेते. मधल्या दात्यांचे गुणोत्तर ९ ते १० च्या घरात असते. म्हणजे मोटरचा फिरता भाग मिनिटाला सुमारे ६ हजार फेरे घेत राहतो. तेही तासन्‌तास, आणि कोणाच्याही देखरेखीविना.

या मोटरच्या फिरत्या भागात बहुधा शक्तिशाली कायमचुंबक बसवलेले असतात. तारेच्या वेटोळ्यांजवळ चुंबक फिरला की वीज निर्माण होते, हा शाळेत शिकलेला फॅरडेचा नियम येथे नेमका आडवा येतो. ट्रक बंद असला, किल्ली खिशात असली, तरी चुंबक आपले काम थांबवत नाही. मोटरचे रूपांतर जनित्रात होते आणि वेगाच्या प्रमाणात दाब वाढत जातो. वाहन बंद असताना बॅटरीला जोडणारे मोठे स्विच उघडे असतात, त्यामुळे या विजेला बॅटरीकडे जाण्याची वाट नसते. ती इन्व्हर्टरमधील डायोडांमधून वाट काढत तेथील कपॅसिटरवर साठते. दाब रचनेच्या मर्यादेबाहेर गेला, तर इन्व्हर्टरमधील नाजूक आणि महाग इलेक्ट्रॉनिक घटक निकामी होऊ शकतात.

यावर उपाय नाहीत असे नाही. मोटरची वेटोळी मुद्दाम एकमेकांना जोडून दाब आटोक्यात ठेवण्याची सोय अनेक इन्व्हर्टरांत असते. पण तसे केल्यावर वेटोळ्यांतून प्रवाह फिरत राहतो आणि मोटर तापते. ती थंड ठेवण्यासाठी शीतक द्रव खेळता हवा, आणि तो खेळवणारा पंपही विजेवरच चालतो. दात्यांना आणि बेअरिंगना तेल पुरवणारा पंपही अनेक रचनांत विजेचाच असतो. ट्रक 'झोपलेला' असेल तर हे सारे बंद असते. म्हणजे स्वयंचलित गिअरबॉक्सच्या गाड्यांना जे दुखणे होते, तेच येथे दुसऱ्या रूपाने आणि अधिक तीव्रतेने उभे राहते.

तिसरी अडचण नियंत्रणाची. विजेच्या ट्रकमध्ये पार्किंग ब्रेक आणि चाके जखडणारी खीळ संगणकाच्या हुकमतीत असतात. चालक उतरला, दार उघडले किंवा १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरू लागली, की अनेक वाहने स्वतःहून 'पार्क'मध्ये जातात. एरवी ही सुरक्षेची सोय आहे. महामार्गावर ओढले जात असताना मात्र तीच घातक ठरू शकते. जखडलेली चाके फरफटत गेली तर टायर काही वेळात फाटतात, आणि पुढे बसलेल्या मोटारहोमच्या चालकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

इंडक्शन मोटर असेल तर?

मोटर चुंबकाविना असेल तर प्रश्न सुटतो का, अशी शंका जाणकार विचारतात. इंडक्शन मोटरमध्ये कायमचुंबक नसतात. बाहेरून वीज दिल्याखेरीज तिच्यात चुंबकीय क्षेत्र उभे राहत नाही, त्यामुळे बंद स्थितीत ती फिरली तरी दाबाचा धोका नगण्य असतो. अमेरिकेतील विजेच्या पिकअपची पहिली पिढी याच जातीची होती. १९९७ मध्ये आलेला शेव्हरोलेचा एस-१० आणि १९९८ पासून काही वर्षे निघालेला फोर्डचा रेंजर या दोन्ही विजेच्या ट्रकांत इंडक्शन मोटर होती. टेस्लाच्या मॉडेल एस या मोटारीनेही सुरुवात याच मोटरने केली. पुढे कमी विजेत अधिक अंतर कापण्यासाठी बहुतेक उत्पादक कायमचुंबकाच्या मोटरकडे वळले. २०१७ च्या मॉडेल ३ मधील मागची मोटर हे त्याचे ठळक उदाहरण.

तरीही इंडक्शन मोटर असणे म्हणजे ओढण्याचा परवाना नव्हे. दाबाचा प्रश्न टळला तरी तेलाचा, थंडाव्याचा आणि पार्किंग ब्रेकचा प्रश्न उरतोच. शिवाय आजच्या अनेक ट्रकांत दोन, तीन किंवा चार मोटरी असतात आणि त्यांतील काही एका जातीच्या, काही दुसऱ्या जातीच्या असू शकतात. एका आसावरील मोटर सुटी करणारा क्लचही काही गाड्यांत आला आहे. ह्युंदाईच्या आयोनिक ५ च्या चारचाकी चालनाच्या आवृत्तीत पुढची मोटर गरज नसताना अलग होते. पण मागची जोडलेलीच राहते. ही सोय वीज वाचवण्यासाठी आहे, ओढण्यासाठी नव्हे.

कंपन्यांचे म्हणणे

आधुनिक विजेच्या पिकअपमध्ये बाजारात पहिला उतरला तो रिव्हियनचा आर१टी, सप्टेंबर २०२१ मध्ये. त्याच वर्षाच्या अखेरीस जीएमसीचा हमर ईव्ही ग्राहकांच्या हाती पडू लागला. मे २०२२ मध्ये फोर्डचा एफ-१५० लाइटनिंग आला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये टेस्लाचा सायबरट्रक. यांपैकी लाइटनिंगचे पूर्ण विजेवरील रूप थांबवत असल्याची घोषणा फोर्डने डिसेंबर २०२५ मध्ये केली. विकले गेलेले ट्रक अर्थातच रस्त्यावर आहेत आणि त्यांच्या मालकांपुढचा हा प्रश्नही कायम आहे.

रिव्हियन, फोर्ड आणि टेस्ला या तिघांच्या सूचनांचा मथितार्थ एकच आहे : ट्रक न्यायचा असेल तर चारही चाके जमिनीपासून वर उचलून, सपाट गाडीवरून न्यावा. टेस्लाच्या गाड्यांत 'ट्रान्सपोर्ट मोड' नावाची सोय आहे. नावावरून गैरसमज होण्याचा संभव आहे. गाडी दोराने ओढून ट्रेलरवर चढवताना चाके मोकळी राहावीत, एवढ्यापुरतीच ती सोय आहे. चालण्याच्या वेगाने, काही फूट अंतरापुरती. महामार्गाशी तिचा संबंध नाही.

आणखी एक गल्लत नेहमी होते. जाहिरातीत ट्रकची 'टोइंग' क्षमता मोठ्या अक्षरांत छापलेली असते. योग्य साहित्यासह लाइटनिंग कमाल १० हजार पौंड आणि आर१टी ११ हजार पौंड वजन ओढू शकतो, हे खरे. पण ही क्षमता दुसऱ्याला ओढण्याची आहे. स्वतः ओढले जाण्याची नव्हे. त्याच न्यायाने 'टो मोड' हे बटण ट्रेलर ओढताना वापरायचे असते, स्वतः दांड्याला जुंपून घेताना नव्हे.

मालकाच्या पुस्तिकेत 'मनोरंजनासाठी टोइंग' या अर्थाच्या मथळ्याखाली हा विषय असतो. अमेरिकेतील 'मोटरहोम' हे नियतकालिक कोणत्या गाड्या चारही चाकांवर ओढता येतात, याची मार्गदर्शिका वर्षानुवर्षे प्रसिद्ध करीत असे. पण अंतिम शब्द पुस्तिकेचाच. पुस्तिकेविरुद्ध वागून झालेले नुकसान कंपनीच्या हमीत बसत नाही.

'ओढता ओढता चार्ज' : स्वप्न आणि हिशेब

चाके फिरून वीज निर्माण होतच असेल, तर ती बॅटरीत का भरू नये? मुक्कामी पोहोचेपर्यंत ट्रक आयताच चार्ज! ही कल्पना मोहक आहे आणि तत्त्वतः अशक्यही नाही. विजेची गाडी चालू ठेवून, तिच्या संगणकाच्या देखरेखीखाली ओढली तर ब्रेक लावताना जशी वीज परत मिळते तशी ती मिळू शकते. काही हौशी मंडळींनी असे प्रयोग करून दाखवलेही आहेत.

पण ही वीज फुकट नसते. ती मोटारहोमच्या टाकीतून येते. उदाहरणादाखल, ट्रकने २० किलोवॉट दराने वीज भरून घेतली असे समजू. तासाभरात २० युनिट जमा होतील. लाइटनिंगच्या मोठ्या बॅटरीची वापरण्याजोगी क्षमता १३१ युनिट आहे, म्हणजे ही भर सुमारे १५ टक्क्यांची. मधली गळती धरता चाकांवर २२-२३ युनिट शक्ती द्यावी लागेल. डिझेल इंजिन इंधनातील ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भागच चाकांपर्यंत पोहोचवते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते. म्हणजे या २० युनिटांसाठी जवळजवळ ७ लिटर डिझेल अधिक जाळावे लागेल. लिटरला तीन युनिटही पदरात पडत नाहीत. इंजिनवर, त्याच्या थंडाव्यावर आणि टो-बारवर पडणारा ताण वेगळाच. ताशी १०० किलोमीटर वेगाने २० किलोवॉट काढून घेणे म्हणजे साधारण ७० किलो वजनाइतक्या जोराने सतत मागे खेचणे होय. घाट चढताना हा भार नक्कीच जाणवेल.

या खटाटोपाची गरजही कमी आहे. अमेरिकेतील मोटारहोमच्या अनेक तळांवर २४० व्होल्ट, ५० अँपिअरचा जोड मिळतो. त्यातून सतत ४० अँपिअर घेतले तर ताशी साडेनऊ युनिट, म्हणजे दहा तासांच्या रात्रीत ९० हून अधिक युनिट मिळतात. अट एवढीच, की तोच जोड मोटारहोमच्या वातानुकूलनालाही लागतो. त्यामुळे दोन्ही एकदम चालवता येतील की नाही, हे तळाच्या चालकाला आधी विचारावे लागते.

वजनाचे गणित

यंत्राचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी वजनाचा प्रश्न डोके वर काढतो. विजेचे पिकअप कमालीचे जड असतात. लाइटनिंग आणि सायबरट्रक तीन टनांच्या आसपास, आर१टी सुमारे ३,२०० किलो, तर हमर ईव्ही सुमारे ४,१०० किलो. हमरची एकटी बॅटरीच तेराशे किलोंहून अधिक भरते. छोटी मोटारच काय, पण रँग्लरही यांच्यापुढे हलकी.

मोटारहोमच्या हुकाची क्षमता पेट्रोलच्या अनेक मॉडेलांत ५ हजार पौंड, म्हणजे सुमारे २,२७० किलो असते. मागे डिझेल इंजिन असलेल्या मोठ्या मॉडेलांत ती १० हजार पौंड, म्हणजे सुमारे ४,५४० किलो किंवा त्याहून अधिक असते. वरीलपैकी एकही ट्रक पहिल्या गटात बसत नाही. दुसऱ्या गटातही, ट्रक वाहण्याजोग्या ट्रेलरचे वजन हजार किलोच्या घरात धरले, तर आर१टी कसाबसा मावतो आणि हमर बाहेर पडतो. ट्रेलरचा पुढचा भार, साधारणतः एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के, थेट हुकावर येतो, त्याचीही मर्यादा वेगळी पाहावी लागते. शिवाय मोटारहोम, त्यातील माणसे, पाणी, सामान आणि मागचा भार मिळून होणाऱ्या वजनालाही मर्यादा असते. पाण्याची टाकी भरली आणि कपाटे गच्च भरली, की हुकाची छापील क्षमता कागदावरच राहते.

प्रश्न केवळ ओढण्याचा नाही, थांबवण्याचा आहे. मागच्या तीन टनांना स्वतःचे ब्रेक नसतील, तर उतारावर ते पुढच्या घरालाच ढकलू लागतात. म्हणूनच अमेरिकेतील बहुतेक राज्यांत ठरावीक वजनापुढे मागच्या वाहनाला स्वतंत्र ब्रेक असणे सक्तीचे आहे. ही मर्यादा राज्यागणिक बदलते. ब्रिटनमध्ये 'ए' दांड्याने जोडलेली गाडी ट्रेलर मानली जाते आणि ७५० किलोंपुढे तिला ब्रेक लागतात.

मग मार्ग कोणता?

मोटारहोम आणि विजेचा ट्रक दोन्ही बाळगणाऱ्यांपुढे चार मार्ग उरतात. पहिला, सपाट ट्रेलर. उत्पादकांना मान्य असलेला हाच एक ओढण्याचा मार्ग. मात्र मोटारहोमची क्षमता पुरेशी हवी आणि तळावर ट्रेलर उभा करायला जागा हवी. दुसरा, घरातील दुसऱ्या व्यक्तीने ट्रक स्वतंत्रपणे चालवत न्यावा. वाटेत चार्जिंगचे थांबे घ्यावे लागतात, पण यंत्राला कसलाही धोका नसतो.

तिसरा मार्ग ओढण्याची गाडी बदलण्याचा. विजेवरच चालणारी गाडी हवी असेल, तर फक्त पुढच्या चाकांवर चालणारी छोटी मोटार डॉलीवर नेता येऊ शकते, कारण तिची मागची चाके मोकळी फिरतात. निसान लीफसारख्या गाडीची पुढची चाके उचलून नेण्याची पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे. चारही चाकांना मोटर जोडलेल्या ट्रकला मात्र डॉलीचा उपयोग नाही. पुढची चाके उचलली तरी मागची मोटर फिरतच राहते.

चौथा मार्ग उलटा विचार करण्याचा. ट्रकला ओढण्याऐवजी ट्रकनेच ओढावे. मोटारहोमऐवजी ट्रेलरवरचे घर ट्रकच्या मागे जोडले, की मुक्कामी घर सोडून ट्रक मोकळा होतो. याची किंमत अंतरात मोजावी लागते. उंच ट्रेलर मागे असताना एका चार्जमध्ये कापता येणारे अंतर जवळजवळ निम्म्यावर येते, असा अनेक चाचण्यांचा अनुभव आहे. दोन-तीनशे किलोमीटरच्या टप्प्यांनी फिरणाऱ्यांना ते चालू शकते, एका दमात खंड पालथा घालणाऱ्यांना नव्हे.

बाजारात मिळणारे टो-बार, पट्ट्या आणि ब्रेकची यंत्रे कोणत्याही ट्रकला बसवून देणारे कारागीर भेटतील. पण दांडा बसतो म्हणजे ट्रक ओढता येतो असे नाही. दांडा सांगाड्याचा प्रश्न सोडवतो, मोटरचा नव्हे.

आपल्याकडे याचे काय?

महाराष्ट्रात मोटारहोमच्या मागे ट्रक ओढत नेण्याचा प्रसंग सहसा येणार नाही. आपल्याकडील वाहतूक नियमांत एका मोटारीने दुसरी ओढण्याची मुभा मुख्यतः नादुरुस्त वाहन हलवण्यापुरती आहे. पण याच शास्त्राचा दुसरा धडा मुंबई, पुणे, नाशिकच्या वाचकांच्या थेट उपयोगाचा आहे. जानेवारी २०२० मध्ये बाजारात आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीपासून विजेच्या मोटारी आपल्या रस्त्यांवर नित्याच्या झाल्या. नेक्सॉन ईव्हीतही कायमचुंबकाचीच मोटर आहे.

अशी गाडी एक्स्प्रेस वेवर किंवा कसारा घाटात बंद पडली, तर 'दोर बांधा आणि न्या गॅरेजला' हा जुना खाक्या चालणार नाही. पुढची चाके जमिनीवर ठेवून ती वेगाने ओढली, तर मोटर तशीच जनित्र बनेल. मदतीला फोन करताना गाडी विजेची आहे हे आधी सांगावे आणि सपाट पाठीची गाडीच मागवावी. ती मिळेपर्यंत थांबणे हे दोर बांधण्यापेक्षा स्वस्त पडते. जीव धोक्यात असेल आणि गाडी रस्त्याच्या मधोमध अडकली असेल, तर ती चालण्याच्या वेगाने ढकलून कडेला घेणे ही वेगळी गोष्ट.

थोडक्यात

- पडद्यावरचे न्यूट्रल म्हणजे चाके सुटी झाली असे नव्हे.
- आजचा विजेचा पिकअप चारही चाके जमिनीवर ठेवून ओढू नये. पुस्तिकेत स्पष्ट परवानगी असेल तरच अपवाद.
- चारही चाकांना मोटर असेल तर डॉलीही नको. सपाट ट्रेलर किंवा स्वतंत्र चालवणे हेच पर्याय.
- ट्रेलरसह वजन मोटारहोमच्या क्षमतेत बसते का, हे भरलेल्या स्थितीत काट्यावर तोलून पाहावे.
- मागच्या वाहनाला स्वतंत्र ब्रेक, तुटीचा खटका आणि दिवे यांत काटकसर करू नये.
- त्याच नावाच्या गाडीचा नियम मॉडेलच्या वर्षानुसार बदलू शकतो. आपल्या वर्षाची पुस्तिका पाहावी.

मोटर आणि चाक यांच्यामध्ये सुटा होणारा सांधा बसवणे अभियंत्यांना अवघड नाही. तो बसवण्याइतकी मागणी उत्पादकांना दिसली, तर उद्या विजेचे ट्रकही मोटारहोमच्या मागे निर्धास्त धावतील. तोवर त्यांचा प्रवास ट्रेलरच्या पाठीवरूनच झालेला बरा.